जिनिंगमधलं जहाज

परभणीत कुणी विचारलं, "तू काय करतेस?" तर मी "इन्शुरन्सचं काम" असं सांगते आणि विषय बदलते. खरं उत्तर दिलं की पुढचा अर्धा तास जातो. मी बोटींची तपासणी करते. बोट कुठल्या अवस्थेत आहे, पाण्यात घालण्यासारखी आहे का, आज विकली तर किती किंमत येईल, हे कागदावर लिहून खाली सही-शिक्का मारते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर बघतो. मधल्या काळात इथे समुद्र आलाय का, हे तपासत असावा.

बोटी नसतात तेव्हा मी ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर तपासते. त्यामुळे वर्षातले दहा महिने मी ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच तपासते. शिक्षण केरळात झालं, मग मुंबईत तीन वर्षं एका जुन्या सर्वेअर साहेबांच्या हाताखाली काढली. परत का आले, तो या लेखाचा विषय नाही.

या धंद्यात बोलण्यापेक्षा बघणं जास्त असतं, म्हणून तो मला मानवतो. गिऱ्हाईक बोलत राहतं, आपण बघत राहायचं. एकदा एका गृहस्थांनी फायबरची बोट बुडाल्याचा दावा केला. अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगत होते. मी त्यांच्या गोठ्याकडे बघत होते. तिथे दोन म्हशी ज्या हौदात पाणी पीत होत्या, त्या हौदाला पुढून टोक होतं. "तुमच्या हौदाला नंबर आहे," एवढंच मी म्हणाले. त्यांनी चहा मागवला.

पण मला सांगायचं आहे ते बोरीच्या जहाजाबद्दल.

येलदरीच्या मच्छीमार बायकांच्या गटाला धरणाच्या पाण्यात पर्यटकांना फिरवायला मोठी बोट घ्यायची होती. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तपासणीचा अहवाल हवा होता. फोन गटाच्या अध्यक्ष शोभाताईंचा होता. बोट कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, "बोरीला. जिनिंगमधी."

मला वाटलं, नेटवर्क नीट नाही.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या, पत्र्याच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये, ती उभी होती. अडतीस फुटी लाकडी मोटर यॉट. सागवानी फळ्या, बाभळीच्या फासळ्या, काचेच्या खिडक्यांची केबिन, पितळी कठडे. साठ वर्षांची तरी असावी. मुंबईत अशी बोट दिसली असती तर मी नेहमीप्रमाणे वही काढली असती. इथे मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मग मला हसू यायला लागलं. ते दाबायला मी टेप खाली पाडला आणि बराच वेळ उचलत राहिले.

मालक वैजनाथअप्पा. वय पंचाहत्तरच्या पुढे, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. अकरा वर्षांपूर्वी ते जिनिंगच्या मशिनीचे सुटे भाग बघायला मुंबईला गेले, तिथे भंगाराच्या लिलावात ही उभी होती.

"सुटे भाग मिळाले?" मी विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "हेच मिळालं."

येलदरीला नेऊन पाण्यात सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. देवगाव फाट्यावर ट्रेलर वळेना. दोन दिवस जहाज फाट्यावरच अडकलं आणि हॉटेलवाल्याने त्याला शिडी लावून गिऱ्हाइकांना वर चहा दिला. पुढे बोरीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आज नेऊ, उद्या नेऊ. अप्पा दुपारी केबिनमध्ये झोपायचे. त्यांच्या बायकोने, महानंदाकाकूंनी, केबिनच्या छतावर, तापलेल्या पत्र्याखाली, अकरा उन्हाळे पापड वाळवले. खालच्या न्हाणीघरात लोणच्याच्या बरण्या होत्या. तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

आता मुलांनी जिनिंगची जागा गोदामाला भाड्याने दिली होती. महाशिवरात्रीच्या आत शेड रिकामं करायचं होतं. शोभाताईंच्या गटाने बोट घेतली तर ठीक, नाहीतर परभणीचे लाकडाचे व्यापारी करीमभाई ती कापून नेणार होते. सागवानाची दारं होणार होती. करीमभाई त्या दिवशी हजरच होते. एक पाय पोत्यावर ठेवून शांतपणे दाढी खाजवत होते.

"बेटी, तुम तुम्हारा देखो. मेरेको जल्दी नहीं," ते म्हणाले. "लकडी है, कहीं भागती थोडी."

लाकडी बोट कशी बघतात, ते थोडक्यात सांगते. आधी लांब उभं राहून तिच्या कडेची रेघ बघायची. ती धनुष्यासारखी असायला हवी. मधूनच वर फुगली असेल तर बोटीची पाठ मोडली समजायचं. अप्पांनी कणा आख्खाच्या आख्खा रेल्वेच्या स्लीपरवर टेकवला होता आणि दोन्ही अंगांना सरकीची पोती लावली होती. एखाद्या यार्डातही इतकं मऊ बसवत नाहीत. रेघ सुरेख होती.

मग लाकडी हातोडी घेऊन फळी न् फळी वाजवायची. निरोगी लाकूड खणखणतं, कुजकं भद्द करतं. माठ घेताना वाजवतात तसंच. मी डाव्या बाजूने निघाले. थोड्या वेळाने लक्षात आलं की उजव्या बाजूनेही आवाज येतोय. करीमभाई बोटांच्या पेरांनी वाजवत होते. टोकाला आम्ही समोरासमोर आलो.

"कितनी खराब मिली?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मेरेको भी दो," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी ज्या फळ्या दाखवल्या त्या त्याच होत्या. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणाचा एवढा अपमान आणि एवढा सन्मान एकदम कुणी केला नव्हता.

इंजिनं दोन असायला हवी होती. जागा दोन होत्या, इंजिन एक होतं.

"दुसरं कुठे आहे?"

"शेतात," अप्पा म्हणाले. "मोटार जळाली होती, मंग विहिरीवर बसवलं. लय भारी पाणी मारायलंय. गहू निघाला की आणून देतो."

मी लिहिलं: दुसरे इंजिन शेतात, चालू स्थितीत.

इथवर मी भलतीच खुशीत होते. मग मी खाली वाकून बोटीचं पोट बघितलं. वरच्या भागात फळ्यांमधल्या फटी उघड्या होत्या. पाच रुपयांचं नाणं आडवं जाईल एवढ्या. पण पाण्याखाली जाणाऱ्या भागात एकही फट नव्हती. सगळं गुळगुळीत, राखाडी, रंगवलेलं.

अप्पा खूश झाले. "बगितलं का? सगळं मीच बुजवून घेतलंय. ट्रॉलीच्या पेंटरला बोलावलं, लांबी भरली. गेल्या उन्हाळ्यात. दगड झालाय दगड, वाजवून बगा."

लांबी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा चेपला की भरतात ते पुटिंग. वाळल्यावर खरंच दगड होतं. मला मुंबईची एक गोष्ट आठवली.

कामाला लागून मला दुसरं वर्ष होतं. अशीच एक लाकडी लाँच, सहा वर्षं काठावर कोरडी पडलेली. फळ्यांमधून पलीकडचं दिसत होतं. मी अहवालात लिहिलं, दुरुस्तीपलीकडे, मोडीत काढावी. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. मोडल्यावर तिथला एक म्हातारा खलाशी मला म्हणाला, "पोरी, दोन भरत्या पाण्यात ठेवली असतीस ना, सगळ्या फटी मिटल्या असत्या. लाकूड तहानलं होतं, मेलं नव्हतं." तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्या रात्रीपासून मी कोरड्या बोटीजवळ फार जपून बोलते.

लाकडाचं असं असतं. उन्हात फळ्या आकसतात, फटी पडतात. पाण्यात गेली की प्रत्येक फळी फुगते, शेजारणीला चिकटते आणि बोट आपोआप बंद होते. फट हा दोष नव्हे, ती फुगायला ठेवलेली जागा आहे. अप्पांनी ती जागा परभणीच्या ऐन उन्हाळ्यात, फटी सगळ्यात रुंद असताना, दगडाने भरली होती.

हे मला तोंडाने सांगायचं होतं. शेडमध्ये तोवर वीसेक माणसं जमली होती. मी वहीकडे बघून बोलले.

"डब्यात गच्च हरभरे भरले, वर पाणी ओतलं आणि झाकण घट्ट लावलं, तर काय होईल?"

"झाकन उडंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"हिला झाकण नाही. हिच्या फासळ्या मोडतील."

करीमभाई हळूच म्हणाले, "छाती फटेगी."

अप्पा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "म्हंजे, मीच मारलं का तिला?"

"अजून नाही. तुम्ही तिला पाण्यात घातली नाही, म्हणून वाचली."

अकरा वर्षं "उद्या नेऊ" म्हटल्याचं कुणी कौतुक करेल, असं त्यांना वाटलं नसावं.

मग किंमत विचारली गेली. ही माझ्या कामातली सगळ्यात वाईट वेळ. परभणी जिल्ह्यात यॉटचा बाजार नसतो. मुंबईतल्या अशा बोटींचे व्यवहार बघायचे, वय वजा करायचं, दोष वजा करायचे, आणि उरेल ते प्रामाणिकपणे सांगायचं. मी सांगितलं. शोभाताईंनी करीमभाईंकडे बघितलं. माझा आकडा त्यांच्या लाकडाच्या भावापेक्षा कमी होता. बोट म्हणून तिला दारांएवढीही किंमत नव्हती.

"असं लिवलं तर बँक पैसा देनार न्हाई," शोभाताई म्हणाल्या.

"आज बघितलं तेच मला लिहावं लागेल. पण लांबी निघाली, फळ्या भिजल्या आणि ती तरंगली, तर मी पुन्हा तपासून दुसरा अहवाल देईन."

"आन न्हाई तरंगली तर?"

"तर तेही लिहीन."

शोभाताईंनी पदर खोचला. त्यांचे वडील येलदरीत लाकडी नावा बांधायचे, हे मला तेव्हा कळलं. "शिवरात्रीला बावीस दिस हायती," त्या म्हणाल्या. "करीमभाई, थांबता का?"

"थांबतो. और वो लांबी निकालने को मेरे पास आकडीवाली पाती है. भेजता मैं."

ज्याला लाकूड हवं होतं त्यानेच हत्यारं दिली. मी "का?" असं विचारलं, तर म्हणाले, "अच्छी लकडी का दरवाजा बनाने में मजा है. मगर ऐसी लकडी का दरवाजा बनाया तो मेरेको रोज दिखेगा."

सर्वेअरने दुरुस्तीत पडायचं नसतं, हा साहेबांचा नियम. मी पडले नाही. मी फक्त दर दोन दिवसांनी ट्रॅक्टर बघायला बोरीकडे जात होते. त्या महिन्यात बोरीकडचे बरेच ट्रॅक्टर तपासले गेले.

गटातल्या आठ बायका रोज येलदरीहून यायच्या आणि आकडीने लांबी खरवडायच्या. बारा दिवस लागले. मग बोट भिजवायची होती. आतून ओली पोती अंथरायची आणि तळाशी घोटाभर पाणी ठेवायचं. त्याहून जास्त नको, नाहीतर वजनानेच फुटेल. टँकर आला, पाइप आत सोडला. दोन मिनिटं काही नाही. मग बोटीच्या सगळ्या अंगाने बारीक धारा सुटल्या. शेकडो. शेडच्या उघड्या बाजूने येणाऱ्या उन्हात त्या चमकत होत्या आणि जिनिंगच्या आवारात सगळीकडे चिखल झाला होता.

अर्धं बोरी बघायला आलं. "जगात लोक जहाजातलं पानी भायेर काढतेत," एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "ही पोरगी आत भरायलीय. शिकल्याली हाय म्हनं."

"कुठं शिकली?"

"इंग्रजीत."

"मंग बराबर हाय."

मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन तोंडात ओढणी धरून हसले. काकू तिथे आधीच बसल्या होत्या, त्याही हसत होत्या. एकमेकींना बघून दोघींना आणखी हसू आलं.

रोज धारा कमी व्हायला लागल्या. आज साठ, उद्या चाळीस. लोक येताजाता मोजायचे; पानाच्या टपरीवर आकडा सांगितला जायचा. सहाव्या दिवशी अकरावर अडकला. उरलेल्या फटींत कापूस ठोकायला हवा होता. बोटीच्या कामाचा वळलेला कापूस मुंबईहून मागवायचा तर आठ दिवस, आणि आमच्याकडे चार होते.

"कापूस?" अप्पा म्हणाले. "जिनिंगमधी कापूस मागायलीस का बाळा?"

कापूस ढीगभर होता, पण मोकळा. त्याचा अखंड, सारख्या जाडीचा पीळ हवा होता. काकूंनी विचारलं, "कसा पाहिजे?" मी करंगळी दाखवली. त्या महाशिवरात्रीसाठी लक्षवात वळत होत्या. एक लाख वाती महादेवापुढे लावायच्या, त्याला चार महिने आधीपासून बसावं लागतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, सरकी काढलेल्या कापसाचा पेळू केला, तळहातावर राख घेतली आणि मांडीवर वळायला सुरुवात केली. बघता बघता हातभर झाला. मी ओढून बघितला. मुंबईच्या गोदीत मी यापेक्षा वाईट कापूस पास केलेला आहे.

"तुमच्या वाती राहतील, काकू."

"महादेवाला मोजता येतं का न्हाई ते मला मालूम न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याला मातर येतं." आणि त्यांनी माझ्या टेपकडे हनुवटी उडवली. दुपारी शेजारच्या पाच जणी ताटं घेऊन आल्या. पीळ वळत गेले, शोभाताई ते फटीत हलक्या हाताने ठोकत गेल्या, वरून जवसाचं तेल आणि खडूची पूड. हलक्या हाताने, कारण फुगायला जागा हवी. मला एकदाही सांगावं लागलं नाही.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी जहाज येलदरीच्या काठावर पोचलं. या वेळी देवगाव फाटा वाटेत नव्हता, हे बरं. ट्रॅक्टरने ट्रेलर उतारावर मागे सारला. मी काठावर वही घेऊन उभी राहिले. मी नेहमी काठावर उभी राहते. माझ्या सगळ्या अहवालांत तपासणीचं ठिकाण काठ, यार्ड किंवा शेड असंच आहे.

"चला मॅडम," शोभाताई म्हणाल्या.

"कुठे?"

"आमच्यात नवी नाव पान्यात जाताना बांधनारा पहिला बसतो. हिचा बांधनारा कोन ते कुनालाच मालूम न्हाई. चांगली म्हनून कागद तुमी करनार. मंग तुमीच बसा."

काठावरच्या शंभरेक लोकांना हा न्याय एकदम पटला. मी चढले. शोभाताई, काकू आणि दोन हातपंपवाल्या बायका चढल्या. ट्रेलर पाण्यात गेला, पोती सुटली, आणि पायाखालचं सगळं अचानक हलकं झालं. अकरा वर्षं जमिनीवर बसलेली बोट तरंगत होती.

आणि आत पाणी येत होतं.

ते येणारच होतं. किती येतं आणि कधी थांबतं, एवढाच प्रश्न होता. मी तळाशी उतरून आतल्या फासळीवर पेन्सिलने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. दहा मिनिटांत रेघ बुडाली. वर दुसरी मारली. तीही बुडाली. बायका पंप मारत होत्या, काकू तांब्याने उपसत होत्या. तिसरीही बुडाली, चौथी मारली. काठावरून अप्पा दर मिनिटाला "काय म्हनतंय?" विचारत होते. त्यांच्या शेजारी करीमभाई उभे होते.

"मॅडम," शोभाताई वरून वाकून म्हणाल्या, "पवता येतं ना तुमाला?"

मी वर बघितलं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. साहेबांनीही नाही.

"नाही," मी म्हणाले.

पंप थांबले. मग काकूंना हसू फुटलं. शोभाताई कठड्याला धरून खाली बसल्या. "जहाजाची डॉक्टरीन," त्या म्हणत होत्या, "अन् पवता येईना." पंपवाल्या एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. मला वाटलं मी लाजेन. मी घोटाभर पाण्यात, हातात पेन्सिल घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. किती वर्षांनी हसले ते सांगत नाही.

हसता हसता माझं लक्ष फासळीकडे गेलं. चौथी रेघ मारून वीस मिनिटं झाली होती. पाणी तिच्या खाली होतं, आणि पंप तर कुणीच मारत नव्हतं.

"थांबा, कुणी हलू नका," मी म्हणाले. आम्ही पाच जणी श्वास रोखून एका रेघेकडे बघत बसलो. आणखी दहा मिनिटं. पाणी तिथेच होतं. लाकूड पाणी प्यायलं होतं आणि तोंड मिटून गप्प बसलं होतं.

"क्या बोलती लकडी?" करीमभाईंनी काठावरून विचारलं.

मी चढून वर आले आणि मला येतो त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं, "दरवाजे दुसरीकडे बघा, भाई."

अप्पा खाली वाकले. मला वाटलं, चक्कर आली. ते चपला काढत होते. धोतर वर धरून, गुडघाभर पाण्यात, ते आपल्या जहाजाकडे चालत आले आणि ओल्या फळीवर त्यांनी नुसता तळहात ठेवला.

दुसऱ्या अहवालातली किंमत सागवानाच्या भावाच्या बरीच वर गेली. दुसरं इंजिन गहू निघाल्यावर आलं. फासळीवरच्या चार रेघा शोभाताई पुसू देत नाहीत. पर्यटकांना दाखवतात आणि त्याबरोबर माझी गोष्टही सांगतात, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी तिकडे जात नाही. पोहणं मी अजून शिकलेले नाही.

त्या संध्याकाळी फॉर्म भरताना तपासणीच्या ठिकाणाचा रकाना आला. सवयीने मी "काठ" लिहिलं. मग ते खोडलं, वर सही केली, म्हणजे नंतर कुणी हरकत घ्यायला नको, आणि शेजारी लिहिलं: येलदरी, पाण्यावर.